टोचलेल्या सुईची नोंद

दरवर्षी १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले यांच्या पुतळ्याला हार घातले जातात. भाषणे होतात. मुलींची पहिली शाळा, अंगावर झेललेले शेणगोळे, बालहत्या प्रतिबंधक गृह हे सारे सांगून झाले की वक्ते अखेरीस त्यांच्या मृत्यूकडे येतात. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेतले आणि डॉ. यशवंत यांनी ससाणे मळ्यात उघडलेल्या दवाखान्यात आणून पोचवले. या धावपळीत त्यांना स्वतःलाच प्लेगाने गाठले आणि १० मार्चला त्यांचे निधन झाले. वक्ते इथे थोडे थांबतात. सभागृह क्षणभर स्तब्ध होते. मग टाळ्या पडतात.

या टाळ्या मीही पुष्कळ वर्षे वाजवल्या आहेत. छत्तीस वर्षे मी पुण्यात नर्स म्हणून नोकरी केली. परिचारिकांच्या कार्यक्रमात सावित्रीबाईंचे नाव निघाले की आम्हा सगळ्यांनाच आपण त्यांच्या वारसदार असल्यासारखे वाटते, आणि त्यात खोटे काही नाही. परंतु अलीकडे त्या टाळ्यांच्या आवाजात मला एक प्रश्न छळतो. सावित्रीबाईंनी जो धोका पत्करला, त्याविषयी त्या काळी कोणाला काय माहीत होते?

उत्तर असे की, फारसे काहीच नाही. प्लेगाचा जंतू येरसिन याने हाँगकाँगला १८९४ साली शोधला होता खरा. पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे १८९७ च्या मार्चमध्ये जगात कोणालाही सांगता आले नसते. उंदरावरची पिसू हा रोग माणसाकडे आणते, हे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवले, आणि त्याचेही म्हणणे लगेच कोणी मानले नाही. लसीचे म्हणाल तर, हाफकिनने आपली प्लेगाची लस मुंबईत स्वतःच्या अंगावर टोचून घेतली ती १० जानेवारी १८९७ ला, म्हणजे सावित्रीबाई गेल्या त्याच्या जेमतेम दोन महिने आधी. पुढे १९०५ साली डॉ. यशवंतही रुग्णसेवा करताना प्लेगानेच गेले. मायलेकांच्या हातात रोग्याला टाळणे किंवा जवळ घेणे एवढे दोनच पर्याय होते. त्यांनी जवळ घेतले. याला त्याग म्हणतात, आणि तो शब्द तिथे शोभतो.

आज परिस्थिती तशी आहे का? आज रुग्णालयात काम करणाऱ्या माणसाला कोणता रोग कोणत्या वाटेने लागतो, ती वाट कशी बंद करायची, त्याला खर्च किती येतो, हे सगळे छापील स्वरूपात उपलब्ध आहे. असे असताना एखाद्या सिस्टरला, वॉर्डातल्या मामाला किंवा मावशीला कामावर रोग लागला, तर त्यालाही आपण त्याग म्हणायचे का? माझ्या मते म्हणू नये. त्याला कामावरचा अपघात म्हणावे, आणि कारखान्यात यंत्रात बोट सापडल्यावर जे विचारले जाते तेच इथेही विचारावे : हा अपघात टाळता आला असता का, आणि त्याची नोंद कुठे आहे?

नोंदीचे मी मुद्दाम म्हणते आहे. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे, आणि तीत मी निर्दोष नाही.

मावशींचा तळहात

१९९१ सालची गोष्ट. रुग्णालयाचे नाव सांगत नाही, कारण त्या काळात जवळजवळ सगळीकडे हेच चाले. काचेच्या सिरिंजा उकळायच्या, सुया तारेने साफ करून दगडावर घासायच्या, अशा व्यवस्थेतून आम्ही नुकत्याच ‘डिस्पोजेबल’च्या युगात आलो होतो. वापरून झालेली सुई फेकायची कुठे, हे मात्र कोणी शिकवले नव्हते. शिकवले होते ते एवढेच की, सुईला टोपण परत लावा. ते लावतानाच आमच्यापैकी निम्म्याजणींची बोटे भोसकली जात. वॉर्डाच्या कोपऱ्यात पत्र्याचा एक डबा असे. कापूस, बँडेज, सलाईनच्या नळ्या, चहाचा चोथा आणि सुया सगळे त्यात.

पहाटेची वेळ होती. साठ-पासष्ट रुग्ण आणि आम्ही दोघी. रात्रभरात मी किती इंजेक्शने दिली त्याचा हिशेब नव्हता. शेवटच्या काही सुया मी टोपण न लावताच डब्यात टाकल्या. थोड्या वेळाने मावशी डबा रिकामा करायला आल्या. डबा शिगोशीग भरलेला. वरचा कापूस त्यांनी हाताने दाबला आणि ‘आई गं’ म्हणून हात मागे घेतला. तळहाताच्या मध्यभागी सुई शिरली होती.

मी त्यांचा हात नळाखाली धरला, आयोडीन लावले आणि म्हटले, “काही होत नाही मावशी. आम्हाला रोज टोचतं.” त्या हसल्या आणि डबा उचलून निघून गेल्या.

तीन महिन्यांनी त्यांचे डोळे पिवळे झाले. घरच्यांनी आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेले, मग त्या आमच्याच वॉर्डात रुग्ण म्हणून दाखल झाल्या. रक्त तपासले तर ‘ब’ प्रकारची कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी. सुदैवाने त्या बऱ्या झाल्या. या रोगातून मोठी माणसे बहुतेक बरी होतातच. पण त्या बदली कामगार होत्या. दोन महिने कामावर नाहीत म्हटल्यावर यादीतून त्यांचे नाव गेले. कामावर असताना सुई टोचली म्हणून आजार झाला, असा अर्ज त्यांनी कोणाकडून तरी लिहून आणला. ऑफिसातल्या क्लार्कने विचारले, पुरावा काय? तेव्हा त्या माझ्याकडे आल्या.

“सिस्टर, ते कुठं लिहिलेलं हाय का?”

कुठेही लिहिलेले नव्हते. रिपोर्ट बुकात रुग्णांचे ताप, नाडी, लघवीचे माप सगळे होते. मावशींच्या तळहाताला तिथे जागा नव्हती. मी अजूनही लिहून देऊ शकले असते की, हो, अमुक दिवशी माझ्यादेखत सुई टोचली. परंतु मग पुढचा प्रश्न आला असता की, डब्यात उघडी सुई टाकली कोणी? माझी नोकरी तेव्हा आठ वर्षांची. घरात धाकटे मूल. मी म्हटले, “बघते.” आणि बघितले नाही.

बऱ्याच वर्षांनी त्या मला मंडईत भेटल्या. कोथिंबीर, मेथी घेऊन बसल्या होत्या. मी ओळखायच्या आधी त्यांनीच हाक मारली, “बऱ्या हायसा का सिस्टर?” आणि माझ्या पिशवीत एक जुडी टाकली. पैसे घेतले नाहीत. त्यांच्या मनात काही नव्हते. माझ्या मनात होते आणि अजून आहे.

तीस, तीन आणि शून्य पूर्णांक तीन

मावशींना मी ‘काही होत नाही’ असे म्हटले ते निव्वळ अज्ञान होते. सुईतून प्रामुख्याने तीन विषाणूंचे भय असते, आणि त्यांचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीच्या रुग्णाची सुई टोचली, तर लागण होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत ती साधारण तीन किंवा त्याहून कमी. एचआयव्हीच्या बाबतीत हजारात तीन. म्हणजे ज्या विषाणूला सारे जग भ्यायले, त्याच्यापेक्षा हिपॅटायटिस बी शंभरपटीने अधिक सहज लागतो. शरीराबाहेर सांडलेल्या, वाळलेल्या रक्तातही तो आठवडाभर तग धरतो.

आणि नेमक्या याच विषाणूवर खात्रीची लस आहे. पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. १९९१ साली ही लस परदेशातून येई आणि तिची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची होती. काही डॉक्टरांनी पदरमोड करून ती घेतली, नर्सेसपैकी एखाददुसरीने; मावशींना तर अशी काही लस असते हेच ठाऊक नव्हते. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली आणि किंमत झपाट्याने खाली आली. आज ही लस देशातल्या प्रत्येक तान्ह्या बाळाला सरकार फुकट टोचते. तरीही एखाद्या रुग्णालयात जाऊन झाडलोट करणाऱ्या बाईला विचारा, तुमचे तीन डोस झाले का? ती तुमच्याकडे बघत राहील. ती ठेकेदाराची माणूस असते. रुग्णालय म्हणते, ठेकेदाराने बघावे. ठेकेदाराच्या दृष्टीने ती दर अकरा महिन्यांनी नवीच असते. विषाणूला मात्र कायम आणि कंत्राटी हा भेद कळत नाही.

एचआयव्हीवर लस नाही. पण सुई टोचल्यावर दोन तासांत, आणि फार तर बहात्तर तासांत औषधे सुरू करून अठ्ठावीस दिवस घेतली, तर लागण टळते. नुसत्या एका औषधानेही धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटतो, हे १९९० च्या दशकातच दिसून आले होते. आताची औषधे त्याहून चांगली आहेत. हिपॅटायटिस सीवर लस नसली तरी तो आता काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. थोडक्यात, तिन्हीवर उपाय आहे. फक्त सुई टोचल्याचे वेळेवर सांगितले पाहिजे. बोट पिळत बसू नये, तोंडात तर मुळीच घालू नये, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे आणि ताबडतोब कळवावे.

हे कळवणेच होत नाही. रात्री तीन वाजता सुई टोचलेला निवासी डॉक्टर सलग चोविसाव्या तासाला उभा असतो. त्याला झोपेपुढे काही सुचत नाही. नवीन सिस्टरला ‘हात थरथरतो का गं तुझा?’ असे ऐकून घ्यायचे नसते. मावशी-मामांना काम जाण्याची भीती. आणि लग्नाच्या वयातल्या मुलीला, रक्त तपासायला दिले तर लोक काय म्हणतील याची.

रोगाच्या वाटेचा शोध मुळात अशाच एका जखमेतून लागला, हे इथे आठवावेसे वाटते. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरचा मित्र, प्राध्यापक कोलेच्का, शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी लागून दगावला. त्याचा शवविच्छेदन अहवाल वाचताना सेमेलवाइसच्या लक्षात आले की, बाळंतरोगाने मरणाऱ्या बायकांच्या शरीरात हेच सारे दिसते. म्हणजे प्रेतावरचे विष डॉक्टरांच्याच हातांनी बाळंतिणींपर्यंत जात होते. त्याने क्लोरिनच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा १८ वर गेलेला मृत्यूचा आकडा काही महिन्यांत दोनच्या आसपास आला. सहकाऱ्यांनी त्याचे ऐकले नाही ही गोष्ट वेगळी. मुद्दा असा की, एका माणसाची जखम कागदावर नोंदली गेली होती आणि कोणीतरी ती लक्षपूर्वक वाचली.

कपाळावरची चिठ्ठी

१९९० च्या दशकात पुण्यात एड्सची भीती फार मोठी होती. भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली ती काही उगाच नव्हे. त्या दिवसांत आम्ही रुग्णालयात काय केले? ज्याचा रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ त्याच्या केसपेपरवर खूण केली. त्याच्यासाठी दोन-दोन ग्लोव्ह घातले, त्याचे ताट वेगळे ठेवले, मावशींनी त्याची चादर काठीने उचलली. आणि शेजारच्या खाटेवरच्या, रिपोर्टच न झालेल्या रुग्णाचे रक्त उघड्या हातांनी काढले! यात रुग्णाचा अपमान झाला, आणि आमचे संरक्षणही झाले नाही.

शास्त्र याच्या अगदी उलट सांगते. प्रत्येक रुग्णाचे रक्त दूषित असू शकते असे धरून चाला, म्हणजे कोणाच्याच कपाळावर चिठ्ठी लावावी लागत नाही. अमेरिकेत हा नियम १९८७ साली झाला. आपल्याकडे तो पाठ सगळ्यांना आहे, अंगवळणी थोड्यांच्या. याची किंमत काय असते ते केरळात दिसले. २०१८ च्या मे महिन्यात पेरांब्राच्या सरकारी रुग्णालयात लिनी पुथुस्सेरी या तरुण नर्सने तापाच्या एका रुग्णाची शुश्रूषा केली. तो ताप निपाहचा होता हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. २१ मे रोजी लिनी गेली. तिने नवऱ्याला लिहिलेली चिठ्ठी सगळ्या देशाने वाचली आणि डोळे पुसले. पण खरा धडा हा होता की, धोकादायक रुग्ण बहुधा चिठ्ठी लावून येत नाही.

हवेतून येणाऱ्या रोगांचीही हीच कथा. जगातल्या क्षयरोग्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक आपल्या देशात आहेत, आणि त्यातले बरेचसे निदान होण्याआधी जनरल वॉर्डात खोकत पडलेले असतात. माझ्या बरोबरीच्या किती जणींना क्षय झाला, आणि त्यांपैकी किती जणींनी तो सासरी लपवला, हे मी इथे मांडत नाही. १८६७ साली उभ्या राहिलेल्या ससूनसारख्या जुन्या दगडी इमारतींत उंच छते आणि मोठ्या खिडक्या असत. त्या बांधणाऱ्यांना क्षयाचा जंतू माहीत नव्हता. तो कॉखने १८८२ साली दाखवला. पण मोकळी हवा चांगली एवढे त्यांना कळत होते. आपण मात्र खिडक्या बंद करून वातानुकूलन यंत्रे बसवली आणि आतली हवा आतच फिरवली. अशा रुग्णाच्या खोलीतली हवा तासाला निदान बारा वेळा बदलावी, असा दंडक आहे. यंत्र परवडत नसेल तर खिडकी उघडावी. खोकणाऱ्या रुग्णाच्या तोंडावर साधा मास्क आणि त्याच्याजवळ जाणाऱ्याच्या तोंडावर घट्ट बसणारा एन-९५, हा फरकही कित्येक ठिकाणी २०२० पर्यंत कळलेला नव्हता.

फुले आणि ग्लोव्ह

पुण्याला या बाबतीत गाफील राहण्याचा अधिकार नाही. १८९७ चा प्लेग सोडून द्या. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी, एक चौदा वर्षांची शाळकरी मुलगी, याच शहरात गेला आणि नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. ९ मार्च २०२० ला महाराष्ट्रातले करोनाचे पहिले दोन रुग्ण पुण्यातच सापडले आणि त्याच नायडू रुग्णालयात दाखल झाले. मी आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते. २२ मार्चच्या संध्याकाळी पाच वाजता आमच्या सोसायटीत सगळ्यांनी गॅलरीत येऊन थाळ्या वाजवल्या. माझ्याकडे बघूनही वाजवल्या. त्याच रात्री माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीचा फोन आला. तिला घरमालकाने खोली सोडायला सांगितले होते, आणि वॉर्डात पावसाळी रेनकोट घालून काम करायला लावले होते. ३ मे रोजी वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुले उधळली. मला ती फुले पाहून आनंद झाला नाही असे नाही. पण मनात आले की, यातली निम्मी फुले ग्लोव्ह असती तर!

जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी करोनाने गेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. दोन आकड्यांतले अंतर पाहा. मेलेली माणसेसुद्धा लाखाच्या फरकाने मोजावी लागतात, कारण बहुतेक देशांनी ती नीट मोजलीच नाहीत.

त्याच साथीने एक चांगली गोष्टही दाखवली. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले तेव्हा रुग्णालयातली माणसे पहिल्या रांगेत होती, आणि दिल्लीच्या एम्समध्ये पहिली लस मिळाली ती एका सफाई कर्मचाऱ्याला. म्हणजे मनात आणले तर हे करता येते. मग हिपॅटायटिसच्या तीन डोसांनाच काय धाड भरली आहे?

कायदा नाही असेही नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की, कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, वर्षातून एकदा त्याची तपासणी करायची, आणि सुया न फुटणाऱ्या, न गळणाऱ्या पांढऱ्या डब्यातच टाकायच्या. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानेही रुग्णालयावर संरक्षणाची साधने आणि टोचल्यानंतरची औषधे देण्याची जबाबदारी टाकली आहे. मात्र याच कचऱ्याच्या नियमांत ‘मोठा अपघात’ कशाला म्हणावे याची व्याख्या आहे, आणि सुई टोचणे तीतून नाव घेऊन वगळले आहे. ते वर्षाच्या अहवालात इतर किरकोळ अपघातांबरोबर जाते. कचऱ्याचा ट्रक उलटणे अर्थातच मोठे. मावशींचा तळहात किरकोळ.

यावर दोन आक्षेप येतील याची मला कल्पना आहे. पहिला पैशाचा. रुग्णाला द्यायला औषध नाही, तिथे कर्मचाऱ्यांचे लाड कुठून करायचे? पण एका सिस्टरला कावीळ झाली तर तिची रजा, तिचे उपचार आणि तिच्या जागी कोणीच नसल्यामुळे होणारे रुग्णांचे हाल यांची बेरीज केली, तर तीन डोस केव्हाही स्वस्त पडतात. शिवाय कर्मचाऱ्याला लागलेला रोग त्याच्यापाशीच थांबत नाही; तो पुढच्या खाटेवर जातो आणि संध्याकाळी घरीही जातो.

दुसरा आक्षेप आमच्यावरचा, आणि तो खरा आहे. साधने असूनही आम्ही ती वापरत नाही. एकच ग्लोव्ह घालून चार रुग्ण करतो आणि स्वतःला सुरक्षित समजतो. रुग्णाला हात लावण्यापूर्वी हात धुवायचे ते लावल्यानंतर धुतो, कारण आधी धुणे त्याच्यासाठी असते आणि नंतर धुणे आपल्यासाठी. हे मी कबूल करते. पण साठ रुग्णांमागे दोघी असताना प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण मिनिट हात धुवायचे म्हटले, तर रात्र बेसिनपाशीच संपेल. माणसे पुरेशी नेमा आणि मग आमचा कान धरा. आम्ही तक्रार करणार नाही.

दोनशे पानी वही

इन्चार्ज झाल्यावर मी माझ्या वॉर्डात एक दोनशे पानी वही ठेवली. वर लिहिले : ‘सुई टोचल्याची नोंद’. तारीख, वेळ, कोणाला, काय करताना, सुई कोणाची, पुढे काय केले. पहिला महिनाभर वही कोरी. मग लक्षात आले की, सगळ्यांना ती शिक्षेची वही वाटते आहे. एका सकाळी सुई मलाच टोचली. मी सगळ्यांच्या देखत पहिल्या ओळीवर स्वतःचे नाव लिहिले आणि रक्त तपासायला निघून गेले. त्यानंतर नोंदी येऊ लागल्या. पहिल्यांदा विद्यार्थिनींच्या, मग स्टाफच्या, सर्वांत शेवटी मावशी-मामांच्या. त्यांना लिहिता येत नसे. त्यांचे आम्ही लिहून घेत असू.

सहा महिन्यांनी वही वाचली तेव्हा दिसले की, बहुतेक नोंदी पहाटेच्या, रक्ताचे नमुने घेण्याच्या वेळच्या होत्या, आणि सुई हातात धरून चालताना झालेल्या होत्या. डबा सिस्टरच्या टेबलाजवळ होता आणि रुग्ण वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही डबा ट्रॉलीवर ठेवला. टोपण परत लावायचे नाही आणि डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करायचा, असे ठरवले. एवढेच. नोंदी कमी झाल्या. त्यात कोणी नवा शोध लावला नव्हता. वही दोष शोधण्यासाठी नसते, डब्याची जागा शोधण्यासाठी असते, एवढे मला उशिरा का होईना कळले.

वाचकांनाही यात थोडे काम आहे. आज पुण्यात घरोघरी इन्शुलिन घेणारे आहेत. ती छोटी सुई तुम्ही कशात टाकता? बहुधा कचऱ्याच्या पिशवीत. १९९३ साली कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली ती याच शहरात. २००८ पासून ‘स्वच्छ’च्या बायका तुमच्या दारातून कचरा उचलतात आणि हाताने वेगळा करतात. तुमच्या पिशवीतली सुई त्यांच्या तळहातासाठी ठेवलेली असते. जाड प्लास्टिकच्या बाटलीत सुया टाका, झाकण घट्ट लावा, वर मोठ्या अक्षरांत लिहा आणि बाटली वेगळी द्या. तसेच नातेवाईक रुग्णालयात असेल तेव्हा हात धुऊन आलेल्या सिस्टरवर ‘किती उशीर!’ म्हणून ओरडू नका. ते अर्धे मिनिट तुमच्याच माणसासाठी खर्च झालेले असते.

आता पुन्हा १० मार्च येईल. हार घातले जातील, आणि ते घातलेच पाहिजेत. त्या दिवशी शहरातल्या प्रत्येक रुग्णालयाने आणखी एक करावे. आपल्याकडे झाडू मारणाऱ्या, डबे उचलणाऱ्या, चादरी धुणाऱ्या सगळ्यांची, कंत्राटी आणि बदली धरून, एक यादी काढावी आणि प्रत्येक नावापुढे तीन डोसांच्या तीन तारखा आहेत की नाहीत ते पाहावे. जिथे रकाना रिकामा असेल तिथे त्याच आठवड्यात पहिली लस टोचावी. आणि प्रत्येक वॉर्डात एक वही ठेवावी.

मावशींचा अर्ज त्या वेळी फेटाळला गेला. त्यांना आता काही मिळायचे नाही. पण “कुठं लिहिलेलं हाय का?” असे पुन्हा एखादी मावशी विचारील, तेव्हा तिच्यापुढे पान उघडून दाखवता आले पाहिजे. त्यांच्या सुईची नोंद मी आज, तीस वर्षांहून अधिक उशिराने, इथे करते आहे : १९९१, पहाट, उजवा तळहात. सुई माझी होती.